खिळ्यावरचा बिल्ला

१

नवीन विद्यार्थी आमच्या वर्कशॉपमध्ये आला की पहिल्या दिवशी तो लेथकडे कौतुकानं बघतो, लेझर कटरकडे अधाशासारखा बघतो आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कळतं की सगळ्या किल्ल्या माझ्याकडे असतात. मग तो मला मावशी म्हणायला लागतो.

खरं तर मी मावशी फक्त एकीचीच. माझ्या ताईची मुलगी इथं इंजिनिअरिंगला आली, माझ्याच घरी राहिली आणि एकदा भर वर्कशॉपमध्ये ओरडली, "मावशी, पक्कड दे गं." तेव्हापासून मी सगळ्या विद्यापीठाची मावशी झाले. तिला मुलं ठिणगी म्हणतात, कारण वेल्डिंगला तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. ताई तिला माझ्याकडे सोडून जाताना एवढंच म्हणाली होती, "हिचे हात तेवढे सांभाळ. बाकी ही बया कुणाचं ऐकायची नाही." लहानपणी सायकलच्या चेनमध्ये बोट घालून ठिणगीनं उजवी करंगळी कायमची वाकडी करून घेतली होती. बाकीच्या बोटांशी भांडून निघाल्यासारखी ती करंगळी बाहेर वळलेली आहे.

आता आमच्या बोर्डाबद्दल सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. दाराशेजारी भिंतभर करडा बोर्ड आहे. त्यावर खिळे, खिळ्यांवर हत्यारं आणि प्रत्येक हत्यारामागे त्याच्याच आकाराची पिवळी रेघ. त्या रेघेला आम्ही सावली म्हणतो. हत्यार कुणी नेलं की मागे नुसती सावली उरते, आणि काय गेलंय ते लांबूनही कळतं.

हत्यार नेताना खिळ्यावर आपला बिल्ला लावायचा. हा पितळी बिल्ला प्रत्येकानं आपापला करायचा असतो, पहिल्या वर्षाचं पहिलं कामच ते. पत्रा कापा, कानशीनं घासा, वर भोक पाडा, खाली छोटा हूक वाकवा, मध्ये नंबर ठोका. तो खालचा हूक रांगेसाठी. हत्यार आधीच कुणी नेलं असेल तर त्याच्या बिल्ल्याखाली आपला लटकवायचा, म्हणजे आपला नंबर लागला. पहिल्यानं हत्यार आणून दिलं, किंवा तो कॉलेज सोडून गेला, की पुढच्याचा हक्क. परीक्षेच्या दिवसांत चांगल्या पान्याच्या खिळ्यावर बिल्ल्यांची माळच लोंबते. त्यात वशिला चालत नाही, भाचीचासुद्धा नाही. आणि संध्याकाळी बोर्ड भरल्याशिवाय मी कुलूप लावत नाही.

२

एका सकाळी मी दार उघडलं आणि बोर्डावर एक सावली जास्त दिसली.

लाकडी हातोडी आणि मोठा पाना यांच्यामध्ये ती होती. वर रिकामा खिळा. आकार कसला म्हणाल, तर आमटी वाढायच्या डावाची मान वाकवून तिला टोकाशी आकडा काढावा तसला.

"तात्या, हे काय आहे?" मी विचारलं. तात्या म्हणजे आमचे स्टोअरकीपर. माझ्याआधीपासून इथं आहेत आणि माझ्यानंतरही असणार, असं त्यांचं स्वतःचं मत आहे.

"असेल काहीतरी जुनं."

"जुनं कसं असेल? दर सुट्टीत या सावल्या मी रंगवते."

"मग तुम्हीच रंगवली असेल. वय झालं की होतं असं."

मी नखानं रंग खरवडून पाहिला. रंग जुना होता, भेगाळलेला. खिळ्यावर तेलकट धूळ बसलेली होती. पोरांनी चेष्टा केली म्हणावं तर पोरांना धूळ बसवता येत नाही, ती त्यांना फक्त झाडता येत नाही. मी मनाशी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, आणि कामाला लागले.

दुपारपर्यंत सगळ्या वर्कशॉपला खेळ मिळाला. हे हत्यार कसलं ते ओळखा. एकजण म्हणाला, बदकाची मान मोजायचं यंत्र. दुसरा म्हणाला, मावशीच्या खिशातून किल्ली काढायचा आकडा. ठिणगीच्या टोळीची एका सीटची गाडी तयार होत होती, पण एक बेअरिंग बाहेरून यायचं होतं म्हणून सगळे हात बांधून बसले होते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. ठिणगीनं सावलीवर कागद ठेवला, आकार काढून घेतला आणि म्हणाली, "ओळखायचं कशाला? बनवूनच टाकू."

लेझर कटरवर पत्रा कापला, मान तापवून वाकवली, कडा कानशीनं मारल्या. खिळ्यावर अडकवल्यावर पिवळी रेघ जराही बाहेर दिसेना. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कशाला उपयोगी ते कुणालाच माहीत नव्हतं, पण जागेवर शोभत मात्र होतं.

३

दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडलं तर ते हत्यार जागेवर नव्हतं. खिळ्यावर एक बिल्ला होता.

मी बिल्ला काढून हातात घेतला. नंबर नव्हता. पण काम काय सुरेख होतं. चारही कडा आरशासारख्या, कानशीचा एक ओरखडा नाही, भोक अगदी गोल. इतकी वर्षं पोरांचे वाकडेतिकडे बिल्ले बघून माझे डोळे थकलेत. हा पाहून मला खरोखर आनंद झाला. कुणीतरी मन लावून शिकलं होतं.

कुलूप शाबूत होतं, खिडक्या आतून बंद होत्या. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, इथं मांजर फिरकत नाही, तुमच्या भीतीनं." मी बिल्ला परत खिळ्यावर लावला.

जेवणाच्या सुट्टीत मशीनं बंद असतात, सगळे कँटीनला जातात. मी परतले तेव्हा हत्यार जागेवर होतं आणि बिल्ला गेला होता. हत्याराला बोट लावलं तर ते पुसलेलं, वर तेलाचा पातळ हात फिरवलेला. आजवर कुणी, अगदी कुणीही, पुसून हत्यार परत केलेलं नाही.

मी सगळ्यांना गोळा केलं आणि ते दाखवलं. "बघा. कुणी केलं ते मला माहीत नाही. पण शिका त्याच्याकडून."

कुणी पुढे आलं नाही. पोरं एकमेकांना ढोसत होती, तू का रे, मी नाही रे. तात्या म्हणाले, "भूत असेल तर त्याला मुलांच्या जागी प्रवेश द्या, निकाल सुधारेल." सगळे हसले, मीही हसले.

मग हत्यार टांगताना माझी बोटं त्याच्या मुठीवर गेली. काल केलेल्या पोलादी मुठीवर खळगे पडले होते. वर्षानुवर्षं वापरून जिन्याच्या पायऱ्या झिजतात तसे. मी माझी बोटं त्यात बसवून पाहिली. अंगठ्याची जागा सापडेना. मूठ उलटी धरली, तरी जमेना. माणसाचं मनगट जिथं असतं तिथून अशी पकड घेताच येत नाही. खळगे पाच नव्हते. किती होते ते मोजण्याच्या फंदात मी पडले नाही.

पोलाद मऊ असेल, म्हटलं. स्वस्तातला पत्रा.

४

पुढच्या आठवड्यात दुसरी सावली आली. नंतर तिसरी.

पोरांना तर मेजवानीच. दोन टोळ्यांनी शर्यत लावली. दुसरं हत्यार फणी बसवलेल्या चिमट्यासारखं, तिसरं दांड्यावर बसवलेलं कडं. दोन्ही वेळा ठिणगीच्या टोळीचं सावलीत चपखल बसलं, दुसऱ्या टोळीचं नाही. आणि दोन्ही वेळा तसंच झालं. सकाळी बिल्ला, दुपारी पुसलेलं हत्यार. मी त्या गिऱ्हाइकाला मनातल्या मनात 'शिस्तीचा' असं नाव देऊन टाकलं. खोटं कशाला बोलू, मला तो थोडा आवडायलाही लागला होता. जागेवर असेल तेच न्यायचं, बिल्ला ठेवून न्यायचं, वेळेत आणून द्यायचं. माझ्या सगळ्या आयुष्याचं स्वप्न त्यानं पुरं केलं होतं. रात्री घरी मात्र ते खळगे आठवले की मी चहा नको म्हणायचे, आणि मी चहा नको म्हणणं ही घरात काळजीची गोष्ट असते.

मग एका दुपारी ठिणगीनं ती तिन्ही हत्यारं टेबलावर घेऊन चाळा सुरू केला. आकडा कड्यात अडकवला, चिमटा फिरवला, आणि खट्ट करून तिन्ही एकात एक बसली. तिलाही अपेक्षा नव्हती. मधोमध एक गोल जागा राहिली, आणि तिच्यापुढे फणीचे दात फाकलेले.

"हे बघ गं मावशी," ती म्हणाली आणि उजवा हात त्यातून घातला.

गोल जागा तिच्या मनगटाला घट्ट बसली. बोटं फणीच्या दातांमध्ये एकेक करून अलगद गेली. शेवटचा दात बाकीच्यांसारखा सरळ नव्हता, बाहेर वळलेला होता. तिची करंगळी त्यात जराही न दुखता बसली.

"मापाचं आहे," ती हसत म्हणाली.

"काढ हात."

"अगं, बघ तरी."

"काढ म्हणते ना."

माझा आवाज एवढा चढला की लेथवरच्या मुलानं मशीन बंद केलं. ठिणगीनं हात काढला. मी तिन्ही हत्यारं स्टोअरच्या कपाटात टाकली आणि किल्ली खिशात घातली.

५

सकाळी ती तिन्ही बोर्डावर आपापल्या जागी होती. पुसलेली. शेजारी चौथी सावली होती.

ती कसली आहे हे ओळखायला कुणाला बोलवावं लागलं नाही. तो हात होता. पंजा, पाच बोटं, थोडं मनगट. करंगळी बाहेर वळलेली.

मी दार आतून लावलं, करड्या रंगाचा डबा काढला आणि ती सावली पुसून टाकली. दोन हात मारले. रंग वाळायला पंखा लावला. पंख्याच्या वाऱ्यात रंग वाळत गेला तशी खालून पिवळी रेघ वर येत गेली, आणि वाळून झाला तेव्हा रेघ पहिल्यासारखीच भेगाळलेली होती. मी खाली स्टुलावर बसले. मला रडू येत होतं आणि आपण कशासाठी रडतोय हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्या सावलीवरचा रिकामा खिळा उपटायचाही प्रयत्न केला. पक्कड वाकली.

घरी मी ठिणगीला म्हणाले, "दोन दिवस वर्कशॉपला येऊ नकोस."

"मावशी, बेअरिंग आलंय. परवा चाचणी आहे. वेल्डिंग काय तात्या करणार?"

"दुसऱ्या कुणाला सांग."

"तुला झालंय काय?" तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. त्याच हातानं. "ताप तर नाही. आईचा फोन आला होता का? तिनं काही डोक्यात भरवलं का?"

काय सांगणार होते मी? मी इंजिनिअरांना शिकवणारी बाई. भिंतीवर तुझ्या हाताची जागा केली आहे, असं सांगितलं असतं तर तिनं आधी मला डॉक्टरकडे नेलं असतं आणि मग वर्कशॉपला गेली असती. मी एवढंच म्हणाले, "बोर्डाला हात लावू नकोस."

शहाण्या माणसानं ठिणगीला असं कधी सांगू नये.

६

चाचणीच्या आदल्या दिवशी गाडी उभी राहिली. शेवटचा सांधा ठिणगीनंच जोडला. पोरांनी आरडाओरडा केला, तात्यांना उचलून गाडीत बसवलं, ते अडकले, त्यांना बाहेर काढायला आणखी आरडाओरडा. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. एकेक मशीन बंद पडत गेलं. मी स्टोअरमध्ये हातमोजे मोजत होते.

"मावशी, फोटो काढतोय, ये ना," ठिणगीची हाक आली.

मी बाहेर आले. सगळी टोळी बोर्डापाशी उभी होती. मध्ये ठिणगी, आणि तिनं उजवा हात वर करून त्या सावलीवर टेकवला होता. करंगळी रेघेत. पिवळा रंग कुठेही बाहेर दिसत नव्हता.

"बघ, मी पण जागेवर," ती म्हणाली. पोरं हसली.

जागेवर. आमच्याकडे जे जागेवर असतं ते न्यायला मोकळं असतं.

हसण्यातच मला तो आवाज ऐकू आला. पितळेवर पितळ. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं अंधूक कोपऱ्यात जुन्या करवती टांगलेल्या असतात, तिथला एक बिल्ला हलला. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्या अलीकडचा. रांगेतून अंग चोरून येताना एखाद्याचा खांदा सगळ्यांना लागत यावा, तसे ते किणकिणत आमच्याकडे येत होते. घाई नव्हती. पोरांच्या लक्षातही आलं नाही. ठिणगीच्या हाताच्या वरचा खिळा रिकामा होता.

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. तिला ओढायला हवं होतं, पण मधे पाच पोरं आणि एक गाडी होती, आणि मी इतकी वर्षं या बोर्डाशेजारी काढलीत की हाताला एकच गोष्ट येते. एप्रनच्या खिशातून माझा बिल्ला काढला, गाडीच्या नाकावरून अंग झोकून दिलं आणि तो खिळ्यावर अडकवला.

किणकिण थांबली. अगदी शेजारच्या खिळ्याशी.

"मावशी, लागलं का?" सगळे मला उचलायला धावले. ठिणगीनं हात काढला आणि चोळला. "ई, हात किती गार पडला."

मी जमिनीवरूनच वर पाहत होते. माझा बिल्ला हळूच उचलला गेला. हवेत आडवा झाला, कुणी नंबर वाचावा तसा. मग उलटा झाला, मागची बाजूही वाचून झाली. मग तो अलगद, आवाज न करता, खिळ्यावर परत टेकला.

हत्यार माझ्या नावावर गेलेलं होतं. त्यानं नियम पाळला.

७

गाडी चाचणीत दुसरी आली. ठिणगीला दूरच्या शहरात नोकरी लागली, जहाजं बांधतात तिथं. ताईनं मला फोनवर सांगितलं, "हात सांभाळलेस हो बाई तिचे," आणि मी जरा जास्तच रडले.

त्या दिवसापासून माझा बिल्ला खिळ्यावरच आहे. मला काही हवं असलं तर तात्यांच्या बिल्ल्यावर काढते. माझी निवृत्ती आली तेव्हा पोरांनी गुपचूप ठरवलं की मावशीचा बिल्ला चौकटीत बसवून तिला भेट द्यायचा. समारंभाच्या सकाळी मी वेळेवर पोचले म्हणून बरं, तात्यांनी बिल्ला खिळ्यासकट काढायला चकचकीत नवी पक्कड घेऊन हात पुढे नेला होता. मी त्यांचं मनगट धरलं.

"हा काढायचा नाही. मी रोज येणार आहे. बिनपगारी येईन, झाडू मारीन, पण माझं नाव इथून काढायचं नाही."

सगळे गहिवरले. खातेप्रमुखांनी तर चष्मा काढून पुसला. वर्कशॉपवर इतकं प्रेम त्यांनी पाहिलं नव्हतं. मला मानद का काय ते पद मिळालं.

तर मी रोज येते. जेवणाच्या सुट्टीत बोर्डासमोर डबा खाते. रोज माझा बिल्ला उचलला जातो, वाचला जातो, परत ठेवला जातो. ठिणगी फोनवर सहज म्हणते, "दुपारी जेवताना उजवा हात जरा गार पडतो गं, एसीमुळे असेल." मी म्हणते, असेल.

साखर सोडली आहे. सकाळी टेकडी चढून येते. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे चार वेळा बघते. तात्या म्हणतात, मावशी निवृत्त झाल्यापासून तरुण दिसायला लागल्या. परवा ठिणगी सुट्टीला आली होती, माझ्याबरोबर वर्कशॉपमध्ये आली, तीही हसत होती. "मावशी, तुला एवढी जगायची हौस कधीपासून लागली?"

ती माझ्या बिल्ल्याखाली बघत नव्हती. तिथं आता दुसरा बिल्ला लटकतो आहे. नंबर नाही, कडा आरशासारख्या, फार सुरेख काम.

मी तिचा हात हातात घेतला, चोळून गरम केला आणि म्हणाले, "अगं, माझ्यामागे नंबर लागलाय कुणाचातरी. घाई कशाला करायची?"